उज्जयिनीची परीक्षा आणि उसने शब्द : महाविद्यालयीन लेखनातील वाङ्मयचौर्याचा विचार

प्रस्तावना

काही वर्षांपूर्वी एका पदव्युत्तर लघुप्रबंधाच्या मौखिक परीक्षेस परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आला. विषय शिंदेकालीन उज्जैनचा होता. विद्यार्थी माळव्यात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातला, घरात मराठी बोलणारा आणि शिक्षण हिंदीतून घेतलेला. लेखन नीटनेटके होते. दुसऱ्या प्रकरणात मात्र एक वाक्य असे होते की, या संदर्भातील मोडी कागद मी स्वतः पाहिले असून त्यांतील दोन तारखा संशयास्पद वाटतात. साहजिकच त्या दोन तारखा कोणत्या, असे विचारले. विद्यार्थी गप्प झाला. त्याला मोडी वाचता येत नव्हती. एका जुन्या मराठी पुस्तकाची पाने त्याने हिंदीत उतरवली होती आणि त्या भरात मूळ लेखकाचा 'मी'सुद्धा त्याच्या प्रबंधात येऊन बसला होता.

त्याला लबाड म्हणावे असे वाटले नाही. "सर, पुस्तकात लिहिले आहे ते खरेच असणार, म्हणून लिहिले," असे तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर अपराधापेक्षा गोंधळ अधिक होता. पाच वर्षांच्या महाविद्यालयीन शिक्षणात दुसऱ्याचे वाक्य आणि आपले वाक्य यांच्यामध्ये एक रेषा असते, हे त्याला कोणीही सांगितले नव्हते. ती रेषा नेमकी कोठे असते, आपल्याकडील जुन्या विचारवंतांनी तिच्याविषयी काय म्हटले आहे आणि आजचे नियम ती कितपत दाखवतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आधार घेतला आहे तो उज्जैन या नगराशीच निगडित असलेल्या तीन उदाहरणांचा.

काव्यमीमांसेतील हरणविचार

राजशेखर हा इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या अखेरीस आणि दहाव्या शतकाच्या आरंभी होऊन गेलेला कवी. कनौजच्या प्रतिहार राजांच्या दरबारी तो होता. परंतु त्याच्या घराण्याचा संबंध महाराष्ट्राशी सांगितला जातो. त्याचा 'काव्यमीमांसा' हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतील पहिले पुष्प म्हणून सन १९१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात राजशेखर सांगतो की, उज्जयिनीत कवींची परीक्षा होत असे. कालिदास, मेंठ, भारवी अशा कवींची नावे तो तेथे परीक्षा दिलेल्यांत घेतो. पाटलिपुत्रात शास्त्रकारांची परीक्षा होई, त्यांत पाणिनी आणि पतंजली होते, असेही तो नोंदवतो. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ही माहिती आपण ऐकलेली आहे, असे राजशेखर स्पष्ट सांगतो. ती पाहिल्याचा आव तो आणत नाही. वर उल्लेखिलेल्या लघुप्रबंधात नेमकी हीच गोष्ट नव्हती.

परीक्षेच्या या प्रकरणानंतर लगेच अकराव्या अध्यायापासून राजशेखर 'हरण' म्हणजे दुसऱ्याचे शब्द व अर्थ उचलणे या विषयाकडे वळतो. परीक्षा आली की नक्कल येते, असा कार्यकारणभाव त्याने मांडलेला नाही. पण आजच्या वाचकाला हा क्रम अर्थपूर्ण वाटल्याशिवाय राहत नाही. शब्दांच्या हरणाचे तो पाच प्रकार करतो: एखादे पद उचलणे, श्लोकाचा एक चरण उचलणे, अर्धा श्लोक उचलणे, संपूर्ण श्लोक उचलणे आणि संपूर्ण रचनाच उचलणे. अर्थाच्या हरणाची चर्चा करताना तो आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त केलेले तीन भेद पुढे नेतो. आरशातील प्रतिबिंबासारखे साम्य, चित्रासारखे साम्य आणि दोन माणसांच्या चेहऱ्यांत असावे तसे साम्य हे ते तीन भेद. राजशेखर त्यात आणखी एकाची भर घालतो. प्रतिबिंबासारखी रचना सर्वस्वी टाळावी, असे दोघांचेही मत आहे. अर्थ तोच ठेवून केवळ शब्दांची मांडणी बदलणे याला ते कवित्व मानत नाहीत.

आजच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. 'सर, मी शब्द बदलले आहेत' हे वर्गात वारंवार ऐकू येणारे समर्थन अकराशे वर्षांपूर्वीच्या शास्त्रातही टिकत नाही.

राजशेखराने कवींचे आणखी एक वर्गीकरण दिले आहे. नवे निर्माण करणारा तो उत्पादक, जुन्याला वेगळे रूप देणारा तो परिवर्तक, दुसऱ्याचे झाकून ठेवणारा तो आच्छादक आणि सगळीकडून गोळा करणारा तो संवर्गक. पैसे मोजून दुसऱ्याची रचना विकत घेणे हेही हरणच आहे, अशा आशयाचे विधानही याच अध्यायात आहे. शहरोशहरी झेरॉक्सच्या दुकानांतून तयार प्रकल्प विकले जातात आणि प्रबंध लिहून देण्याचा व्यवसाय उघडपणे चालतो. त्यांच्या गिऱ्हाइकांनी हे विधान अवश्य वाचावे.

राजशेखराच्या भूमिकेची मर्यादा

तथापि राजशेखराला महाविद्यालयीन संशोधनाचा मार्गदर्शक मानता येणार नाही. त्याची कारणे त्याच्या ग्रंथातच आहेत. चौर्य न करणारा कवी नाही आणि चौर्य न करणारा व्यापारी नाही. ज्याला ते लपवता येते तो निंदेशिवाय सुखाने राहतो, असा त्याचा एकूण सूर आहे. त्याची पत्नी अवंतिसुंदरी ही स्वतः विदुषी होती. तिचे मतही त्याने आदराने नोंदवले आहे. हरणाचे समर्थन करताना ती कारणे देते ती अशी: तो कवी अप्रसिद्ध आहे आणि मी प्रसिद्ध आहे; त्याची रचना कोणाला माहीत नाही; ती जाणणारे आता उरले नाहीत; तिचा कर्ता दूर देशी आहे; त्याने वापरलेल्या भाषेला मान नाही, माझ्या भाषेला आहे.

ही यादी वाचून आजचा प्राध्यापक अस्वस्थ झाला नाही तर नवल. अप्रसिद्ध लेखक म्हणजे आज तालुक्याच्या गावी बसून स्थानिक इतिहास लिहिणारा शिक्षक. दूर देशीचा कर्ता म्हणजे परदेशी नियतकालिकातील लेखक, ज्याचे लेखन येथे कोणी पाहणार नाही अशी खात्री असते. आणि मान नसलेली भाषा म्हणजे पुष्कळदा मराठी, उर्दू किंवा माळवी. मराठीतून हिंदीत, उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत नाव न घेता केलेली उचल आज सर्वांत सुरक्षित समजली जाते, ती याच कारणाने. दुबळ्याची मेहनत बलवानाच्या नावावर जमा होणे हा या व्यवहाराचा खरा परिणाम आहे. अवंतिसुंदरीने तो लपवला नाही, एवढे मात्र तिच्या बाजूने म्हणता येईल.

काव्य आणि संशोधन यांच्यातील फरक येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. काव्यात जुना अर्थ नव्या सौंदर्याने आला तर रसिकाचे काही बिघडत नाही. संशोधनात मात्र वाचकाला विधान तपासून पाहावयाचे असते. विधान कोठून आले हेच लपवले, तर तपासण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून संशोधनातील उचलेगिरीत मूळ लेखकाबरोबर वाचकाचीही फसवणूक होते.

नाव घेण्याची परंपरा

नाव घेण्याची शिस्त ही पाश्चात्त्यांकडून आलेली गोष्ट आहे, असा एक समज आपल्याकडे आहे. तो खरा नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिर स्वतःला अवंतीचा म्हणवतो. त्याच्या 'पंचसिद्धांतिका' या ग्रंथात पौलिश, रोमक, वासिष्ठ, सौर आणि पैतामह या पाच सिद्धांतांचे सार आहे. म्हणजे ग्रंथातील बरीच सामग्री दुसऱ्यांची आहे. तरीही त्याला कोणी चोर म्हणत नाही, कारण ग्रंथाच्या नावातच त्याने ऋण मान्य केले आहे आणि कोणते मत कोणाचे हे सांगितले आहे. त्या सिद्धांतांची जुनी रूपे पुढे बव्हंशी लुप्त झाली. आज त्यांच्याविषयी जे कळते, ते मुख्यतः वराहमिहिराने नावे घेतली म्हणून कळते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सन १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला, तेव्हा त्यांनाही ही सामग्री उपयोगी पडली. संदर्भ दिल्याने ग्रंथकाराचे महत्त्व कमी झाले नाही, उलट वाढले.

अरबी विद्येतही हीच शिस्त दिसते. हदीसशास्त्रात प्रत्येक कथनापूर्वी इस्नाद म्हणजे ते कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी द्यावी लागते. मधल्या व्यक्तीचे नाव गाळून, जणू थेट थोर गुरूकडूनच ऐकले अशा थाटात कथन करणे याला 'तदलीस' म्हणतात आणि तो दोष मानला जातो. आपले विद्यार्थी मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याच्या तळटिपेवरून मूळ ग्रंथाचा हवाला देतात, तेव्हा ते नेमके हेच करत असतात. उर्दू काव्यशास्त्रात उचलेगिरीला 'सरका' म्हणतात, दोन कवींना एकच कल्पना स्वतंत्रपणे सुचली तर 'तवारुद' म्हणतात आणि दुसऱ्याची ओळ उघडपणे आपल्या रचनेत गुंफणे याला 'तज़मीन' म्हणतात. चोरी, योगायोग आणि मान्य उसनवारी यांना तीन वेगळे शब्द आहेत, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. अल्-बिरूनीने अकराव्या शतकात भारताविषयी लिहिताना ब्रह्मगुप्त, वराहमिहिर यांची नावे घेऊन त्यांची मते मांडली आणि जेथे पटले नाही तेथे तसे लिहिले.

एका नुक्त्याची गोष्ट

न तपासता उतरवून घेण्याचा परिणाम काय होतो, याचेही उदाहरण उज्जैनच पुरवते. प्राचीन भारतीय ज्योतिषात मध्यरेखा उज्जयिनीवरून जाते असे मानीत. लंका हे विषुववृत्तावरील कल्पित स्थानही त्याच रेषेवर धरले जाई. हे ज्ञान अरबीत गेले, तेव्हा उज्जैनचे रूप 'उज़ैन' असे झाले. अरबी लिपीत 'ज़े' या अक्षरावरचा एक नुक्ता गळाला की त्याचे 'रे' होते. नक्कल करणाऱ्या कोणाच्या तरी हातून तो नुक्ता गळाला आणि 'उज़ैन'चे 'अरीन' झाले. पुढच्यांनी मूळ न पाहता तेच उतरवले. लंका आणि उज्जैन यांचीही सरमिसळ झाली आणि अरीन नावाचे, पृथ्वीच्या मध्यावर, विषुववृत्तावर वसलेले एक नगर तयार झाले.

अल्-ख्वारिज्मीच्या ज्योतिषकोष्टकांचे भाषांतर बाथच्या ॲडेलार्डने सन ११२६ मध्ये लॅटिनमध्ये केले. त्या कोष्टकांबरोबर अरीन युरोपात पोहोचले. सन १४९८ मधील आपल्या तिसऱ्या सफरीविषयी लिहिताना कोलंबसनेही या अरीनचा उल्लेख केला आहे. प्रत्यक्षात उज्जैन विषुववृत्तापासून तेवीस अंशांहून अधिक उत्तरेस, कर्कवृत्ताजवळ क्षिप्रेच्या काठी होते आणि आहे. शतकानुशतके विद्वान एका अस्तित्वात नसलेल्या नगराचा हवाला देत राहिले.

यातील प्रत्येक नक्कलकाराला चोर म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्याने आपला आधार नोंदवला, त्याची चूक पुढच्याला शोधून काढता येते. ज्याने तो नोंदवला नाही, त्याची चूक ज्ञान बनून पुढे जाते. संदर्भ देण्यामागे सौजन्य तर आहेच, पण चूक दुरुस्त होण्याची वाटही त्यामुळेच मोकळी राहते.

आजचे नियम : एक परीक्षण

विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंध यांविषयीचे विनियम अधिसूचित केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही. दहा ते चाळीस टक्के असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. चाळीस ते साठ टक्के असल्यास एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध देता येत नाही. आणि साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय दिलेली अवतरणे, संदर्भसूची, कायदे, प्रमाणित सूत्रे इत्यादी यातून वगळलेली आहेत. सर्वसामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळलेले सलग चौदापर्यंतचे शब्दही धरले जात नाहीत. पुढे सन २०१९ पासून 'शोधशुद्धी' या उपक्रमाखाली विद्यापीठांना साम्य तपासणारी प्रणाली उपलब्ध झाली. हे पाऊल स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

तरीही या व्यवस्थेच्या तीन उणिवा नमूद केल्या पाहिजेत. पहिली, टक्केवारी हे मोजमाप आहे, निर्णय नव्हे. ते शब्दांचे साम्य दाखवते. त्यामुळे शब्द फिरवून टक्के कमी करण्याची एक कला निर्माण झाली आहे. राजशेखराचा आच्छादक येथे सहज उत्तीर्ण होतो आणि प्रामाणिकपणे पण अजाणता अवतरणचिन्ह विसरणारा अडकतो. दुसरी, भाषांतरित उचल यंत्राला ओळखणे कठीण जाते. वरील लघुप्रबंध यंत्रात घातला असता, तर बहुधा निर्दोष ठरला असता. तो पकडला गेला तो एका साध्या प्रश्नाने. तिसरी उणीव सर्वांत गंभीर आहे. या विनियमांच्या कक्षेतून वर्गातील स्वाध्याय, प्रकल्प अहवाल, निबंध आणि उत्तरपत्रिका वगळलेल्या आहेत. सचोटीची तत्त्वे अभ्यासक्रमात शिकवावीत असे विनियम सांगतात. पण जेथे ते शिकवले जात नाही, तेथे विद्यार्थी तीन वर्षे उतरवून काढतो, त्याला गुण मिळतात, आणि चौथ्या-पाचव्या वर्षी अचानक त्याच सवयीला गुन्हा म्हटले जाते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने क्षणात निबंध तयार होतो. त्यातील वाक्ये कोणत्याही पुस्तकाशी जुळत नाहीत; परंतु कधी कधी त्यात अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे हवाले असतात. अरीन नगराची ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल.

विद्यार्थ्यांनी काय करावे

वाङ्मयचौर्य टाळण्याचे काम लेखनाच्या वेळी सुरू होत नाही, ते टिपण काढताना सुरू होते. पुस्तक उघडताच वहीच्या पानावर लेखकाचे नाव, ग्रंथनाम, आवृत्तीचे वर्ष आणि पृष्ठांक लिहावा. जे शब्दशः उतरवले ते त्याच क्षणी अवतरणचिन्हात घालावे. जे आपल्या शब्दांत लिहिले त्यापुढे तशी खूण करावी, आणि आपल्याला सुचलेला विचार वेगळ्या शाईने लिहावा. महिन्याभराने वही उघडल्यावर कोणते वाक्य कोणाचे, हे स्मरणावर सोडू नये.

स्वतःच्या शब्दांत मांडणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहू. समजा एका पुस्तकात वाक्य आहे: 'सन १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवली आणि उज्जैनचे राजकीय महत्त्व ओसरले.' विद्यार्थी लिहितो: 'इ. स. १८१० साली दौलतराव शिंदे यांनी आपली राजधानी ग्वाल्हेर येथे नेली व उज्जैनचे राजकीय महत्त्व कमी झाले.' हे प्रतिबिंब आहे. येथे संदर्भ दिला तरी लेखन दुसऱ्याचेच राहते. त्याऐवजी पुस्तक मिटून त्याने स्वतःला विचारावे की, मला या घटनेतून काय सांगायचे आहे? मग तो असे लिहू शकेल: 'उज्जैनच्या उतरणीचे कारण अमुक लेखक राजधानीच्या स्थलांतरात शोधतात. परंतु तीर्थक्षेत्र म्हणून नगराचे महत्त्व १८१० नंतरही टिकले, म्हणून ही उतरण केवळ राजकीय होती की आर्थिकही, हे पाहणे आवश्यक आहे.' येथे माहिती दुसऱ्याची आहे, तिचे श्रेय दिले आहे, आणि प्रश्न विद्यार्थ्याचा स्वतःचा आहे.

कोणत्या गोष्टीला संदर्भ नको? जी सर्वमान्य आणि निर्विवाद आहे तिला. विक्रम विद्यापीठाची स्थापना सन १९५७ मध्ये झाली, याला तळटीप लागत नाही. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वर मंदिराची पुनर्बांधणी केली, हे सर्वश्रुत आहे. पण तिचे नेमके साल किंवा खर्च लिहावयाचा असेल, तर कोणत्या कागदावरून, हे सांगितले पाहिजे. शंका आली तर संदर्भ द्यावा. जास्त तळटिपांमुळे कोणी नापास झाल्याचे ऐकिवात नाही.

भाषांतर स्वतः केले असले तरी विचार मूळ लेखकाचा असतो. 'मूळ मराठी, भाषांतर माझे' एवढे चार शब्द पुरतात. मूळ ग्रंथ पाहिला नसेल, तर अमुक ग्रंथात उद्धृत, असे निःसंकोच लिहावे. मित्राची वही, प्राध्यापकांची टिपणे आणि संगणकाने दिलेला मजकूर यांनाही हाच न्याय लागू आहे. उज्जैनमधील सिंधिया प्राच्य शोध प्रतिष्ठानासारख्या संग्रहात एखादे हस्तलिखित प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाली, तर त्याचा क्रमांक टिपून घ्यावा. मग 'मी स्वतः पाहिले' हे वाक्य लिहिण्याचा अधिकार प्राप्त होतो.

समारोप

हा सगळा भार विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. आपण प्राध्यापक वर्गात टिपणे सांगतो, ती कोणत्या पुस्तकातून काढली हे किती वेळा सांगतो? वीस पानांच्या प्रकल्पाला पाने मोजून गुण देतो आणि त्यातील एका परिच्छेदाविषयीही प्रश्न विचारत नाही, हे खरे नाही काय? ज्या घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात आले आहे, तेथील विद्यार्थ्याला छापील शब्द आणि सत्य एकच वाटते. आपण स्वतः काही म्हणू शकतो, यावरच त्याचा विश्वास नसतो. नियमाची भीती घालून हा विश्वास येणार नाही. पहिल्या वर्षापासून दोन पानांचे, पण स्वतःचे लेखन करवून घेतले आणि प्रत्येकाला त्यावर पाच मिनिटे प्रश्न विचारले, तर यंत्रापेक्षा अधिक काम होईल.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याला लघुप्रबंध सुधारून आणण्यास सांगण्यात आले. काही महिन्यांनी तो परत आला, तेव्हा त्या प्रकरणाची पाने निम्म्याने कमी झाली होती. 'मी मोडी कागद पाहिले' हे वाक्य गेले होते. त्या जागी मूळ लेखकाचे नाव होते आणि खाली लिहिले होते की, संबंधित मोडी कागद प्रस्तुत विद्यार्थ्याला वाचता आले नाहीत, त्यामुळे या दोन तारखांची पडताळणी करता आलेली नाही. त्या प्रबंधातील ते पहिले वाक्य होते, जे निःसंशयपणे त्याचे स्वतःचे होते. त्याला गुण त्या वाक्याचे मिळाले.